मी नाही, तुम्ही!

नागपुरातल्या आमच्या मनीषनगरात दोन गोष्टी फुकट मिळतात. एक म्हणजे सल्ला आणि दुसरी म्हणजे एम.एस्सी. करणारी मुलं. सल्ला कोणी घेत नाही. मुलांना मात्र भारी मागणी आहे. गणपतीच्या मंडपातली लायटिंग बंद पडली की फिजिक्सवाल्याला हाक जाते. टाकीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची, हे केमिस्ट्रीवालीला विचारतात. कुंडीतला कढीपत्ता रुसला की बॉटनीवालीला बोलावणं. मोबदल्याचं नाव काढलं तर उत्तर ठरलेलं असतं, "पैशाचं काय घेऊन बसलात? अनुभव मिळून राहिला ना!"

माझी भाची तुमसरहून एम.एस्सी. बॉटनीसाठी आमच्याकडे राहायला आली. तिची ट्रंक लिफ्टमधून बाहेर निघायच्या आत सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर.

"ऐकलं, सायन्सवाली आहे म्हणे. बोअरचं पाणी तेवढं तपासून द्या ना."

"काका, मी बॉटनीची आहे."

सेक्रेटरी क्षणभर विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "काही हरकत नाही. टाकीत शेवाळ भरपूर आहे. तेच तपासा."

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपली एनएसएस, 24 सप्टेंबर 1969 रोजी गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात 37 विद्यापीठांत सुरू झाली. तिचं ब्रीदवाक्य आहे, 'नॉट मी, बट यू.' आमच्या सोसायटीत एनएसएसचं पथक नाही, पण हे ब्रीद आम्ही कित्येक वर्षं काटेकोर पाळतो आहोत. जिन्यातला दिवा गेला, ओला-सुका कचरा एकत्र झाला, सभेचं इतिवृत्त लिहायचं राहिलं, की सगळे एका सुरात एकमेकांना सांगतात, "मी नाही, तुम्ही!" सेवेची इतकी तळमळ असलेली वस्ती शोधून सापडणार नाही. अडचण एवढीच, की करणारा दुसरा कोणी तरी लागतो. भाचीच्या रूपाने तो मिळाला.

पण भाचीला स्वतःचीच सेवा कुठे तरी रुजू करायची होती. पूर्वी एम.एस्सी.ची मुलं दोन वर्षं प्रॅक्टिकलच्या वहीत आकृत्या काढत आणि पास होत. 2020 साली नवीन शैक्षणिक धोरण आलं, 2023-24 पासून ते आपल्याकडच्या पदव्युत्तर वर्गांना लागू झालं आणि अभ्यासक्रमात ओजेटी शिरली. ऑन जॉब ट्रेनिंग, चार क्रेडिट. एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे 120 तास एखाद्या संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम शिकायचं. संस्था ज्याची त्यानं शोधायची.

"एवढंच ना?" मी म्हणालो. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. दुसऱ्याच्या अडचणीपुढे 'एवढंच ना' म्हणायची सवय नोकरीतच लागली. "अगं, नागपुरात संस्थांना काय तोटा? आपली विज्ञान संस्था 1906 पासून उभी आहे. पर्यावरणाचं बघायला 1958 पासून नीरी आहे. कापसाची केंद्रीय संस्था 1976 पासून इथेच, तीही आपल्या वर्धा रोडवर. अमरावती रोडने निघालीस तर संत्र्याला वेगळी संस्था, मातीला वेगळी आणि पुढे अ‍ॅल्युमिनियमलासुद्धा वेगळी. ज्या गावात अ‍ॅल्युमिनियमची सोय होते, तिथे तुझी होणार नाही?"

"मामा, अ‍ॅल्युमिनियमला शिफारसपत्र मागत नाहीत."

तिचं म्हणणं मला पुढे शहरातल्या एका कचेरीत कळलं. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण मला अजून नागपुरातच राहायचं आहे. टेबलामागच्या गृहस्थांनी भाचीचा अर्ज बघितला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "विभागप्रमुखांचं पत्र कुठे आहे?"

आम्ही विभागात गेलो. तिथे विचारलं गेलं, "संस्थेचं संमतीपत्र कुठे आहे? ते आणा, मग आमचं पत्र देऊ."

पुन्हा कचेरी. "त्यांचं पत्र आलं की संमती देऊ."

मनीषनगरच्या माणसाला असल्या गोष्टींनी घाम फुटत नाही. उड्डाणपूल होण्याआधी आमची सगळी हयात रेल्वे फाटकावर गेली आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई अशा दोन्ही मार्गांच्या गाड्या याच रुळांवरून जातात. एक गेली की फाटकवाला दुसरीची वाट बघायचा आणि आम्ही त्याची. तेवढ्या वेळात लोकांनी भाजी निवडली आहे, सोयरिकी जुळवल्या आहेत. पण फाटक उघडायचं तरी. इथे मात्र दोन्हीकडचे लोक फाटक लावून, 'आधी तुमची गाडी जाऊ द्या' असं एकमेकांना नम्रपणे म्हणत बसले होते.

हा तिढा सोडवला आमच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्यानं. शास्त्र शाखेच्या मुलांचं करिअर घडवण्यात या माणसाचा हात किती आहे, याचा कोणी तरी अभ्यास करायला हवा. भाचीच्या हातातली फाइल बघूनच तो म्हणाला, "ओजेटी ना ताई? कोणतं पाहिजे, संमती की शिफारस?"

"दोन्ही अडकलेत."

"सगळ्यांचेच अडकून राहतात. 'संमतीच्या अधीन राहून शिफारस' असा एक फॉरमॅट आहे आपल्याकडं. केमिस्ट्रीची पोरं घेऊन जातात. तुम्ही फक्त विषय बदला. मागच्या पोरानं बदलला नाही, तर तो बॉटनीचा असून आम्लाच्या कारखान्यात जाऊन आला."

दरम्यान उन्हाळ्याच्या फेलोशिपचा अर्जही भरायचा होता. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दर उन्हाळ्यात मुलांना दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला पाठवतात आणि वर छात्रवृत्तीही देतात. म्हणजे शिकायचं आणि पैसेही मिळवायचे. आमच्या सेक्रेटरींना ही कल्पनाच अनैतिक वाटली. या अर्जालाही शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. भाचीनं सरांना विचारलं. सर भले गृहस्थ. म्हणाले, "तूच लिहून आण. मी सही करतो."

स्वतःची स्तुती स्वतःच, तीही दुसऱ्याच्या तोंडून करायची, ही परीक्षा कुठल्याच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नाही. भाची तासभर बसली आणि एक वाक्य लिहिलं, 'ही विद्यार्थिनी नियमितपणे येते.' मी कागद ओढून घेतला. मजकूर लिहिण्यात माझी उभी हयात गेली आहे. मी लिहिलं, 'सदर विद्यार्थिनी आमच्या पूर्ण माहितीची असून तिचे आजवरचे सर्व व्यवहार समाधानकारक आहेत. सदर पत्र तिच्या विनंतीवरून, आमच्यावर कोणतीही जबाबदारी न येता, देण्यात येत आहे.'

"मामा," भाची म्हणाली, "मला फेलोशिप पाहिजे. कर्ज नाही."

तिची उमेद टिकावी म्हणून मी तिला रामन विज्ञान केंद्रात घेऊन गेलो. गांधीसागर तलावासमोरचं हे केंद्र 1992 साली सुरू झालं. परत येताना मी रामन यांची गोष्ट रंगवून सांगितली. "बघ, अठराव्या वर्षी, 1907 मध्ये हा माणूस कलकत्त्याला सरकारी अर्थखात्यात रुजू झाला. कचेरी सुरू व्हायच्या आधी आणि सुटल्यानंतर तो एका संस्थेत जाऊन प्रयोग करायचा. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देत नव्हतं. 1910 मध्ये त्याची काही काळ बदली झाली, ती कुठे? तर आपल्या नागपूरला! पुढे 28 फेब्रुवारी 1928 ला रामन परिणाम आणि 1930 ला नोबेल. याला म्हणतात स्वयंसेवा."

"मामा, त्यांना अर्थखात्याचा पगार होता ना?"

"होता."

"मग मलाही आधी पगार मिळू द्या. संध्याकाळी मीपण फुकट करते प्रयोग."

मामीनं स्वयंपाकघरातून भर घातली, "आणि सकाळ-संध्याकाळ प्रयोगच, तर घरचं दळण कोण आणायचं, ते पण सांगा की." थोरांची चरित्रं आमच्या घरात फार वेळ टिकत नाहीत.

पत्रांचा प्रवास चालू होता तोवर भाचीनं घरच्या घरी करता येईल अशी विज्ञानसेवा शोधून काढली. सीझनवॉच नावाचा एक उपक्रम आहे. एक झाड निवडायचं आणि आठवड्यातून एकदा त्याची पानं, फुलं, फळं यांची नोंद करून पाठवायची. देशभरातल्या अशा नोंदींवरून ऋतू पुढेमागे सरकताहेत का, ते अभ्यासकांना कळतं. भाचीनं पार्किंगमधला कडुनिंब निवडला आणि ओळख राहावी म्हणून बुंध्याला सुतळीनं एक पुठ्ठा बांधला. पुठ्ठ्यावर आकडा लिहिला, '1'.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीत दोन तट पडले होते. झाडाला नंबर म्हणजे महापालिका ते तोडणार, यावर दोन्ही तटांचं एकमत होतं; ते चांगलं की वाईट, एवढाच वाद होता. ज्यांच्या गाडीवर निंबोळ्या पडतात त्यांनी पेढे आणायची तयारी केली. ज्यांच्या गाडीवर सावली पडते ते 'चिपको' करायला निघाले. एका आजोबांनी 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याचा हवाला दिला आणि परवानगीशिवाय फांदीला हात लावून दाखवाच, असं आव्हान दिलं. कोणाला, ते स्पष्ट नव्हतं. कोणी तरी विचारलं, "एक नंबर हे, मग दोन नंबर कोणतं?" त्याबरोबर पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी आपल्या अंगणातल्या शेवग्याला मिठीच मारली.

भाची खाली गेली आणि म्हणाली, "अहो, तोडायचं नाहीये. मी फक्त पानं बघते."

गर्दी शांत झाली. थोडी निराशही झाली. मग सेक्रेटरींनी मुद्द्याला हात घातला, "पानं बघता? मग खाली पडलेली उचलता का?"

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना आली. ही आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर वर्षी होते आणि निरनिराळ्या देशांतले हौशी लोक पहाटे उठून आपापल्या तलावावरची पाखरं मोजतात. भाचीला अंबाझरीवर जायचं होतं. पहाटेच्या थंडीत एकटी पोरगी कशी पाठवायची, म्हणून मी आणि मामी दोघंही स्वेटर, कानटोपी, थर्मास अशा जामानिम्यानं सोबत निघालो. तिथे आणखी काही मुलं दुर्बिणी घेऊन जमली होती. त्यांनी आम्हालाही कामाला लावलं. मला वही दिली. नोटा मोजलेल्या माणसाला पाखरं मोजणं म्हणजे काय, असं मला वाटलं. पण नोटा बुडी मारत नाहीत. पाणकावळा इथे बुडतो आणि भलतीकडेच निघतो, नि तो मघाचाच की नवा, हे विचारायची सोय नसते.

"वारकरी चाळीस," एक मुलगा ओरडला.

मी वळून रस्त्याकडे बघितलं. रस्ता रिकामा. वारकरी हा पांढऱ्या कपाळाचा काळा पाणपक्षी, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

"हळदीकुंकू बारा!"

मामीनं शाल सावरली. "इतक्या सकाळी? कुणाकडे?" मग तिला दुर्बिणीतून ते बदक दाखवलं. चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपका. मामी हरखली. तेव्हापासून तिनं दुर्बीण सोडली नाही, आणि मला तलावावर काय चाललंय ते तिच्या तोंडूनच ऐकावं लागलं. शेवटी वही तपासली तेव्हा माझ्या रकान्यात टिटवीच्या पुढे 'अंदाजे' असं लिहिलेलं निघालं. भाची म्हणाली, "मामा, बँकेत असंच लिहायचात?" मी गप्प बसलो. बँकेची गोपनीयता निवृत्तीनंतरही पाळावी लागते.

पैसे भरून करायची सेवाही असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग पेंच, उमरेड-कऱ्हांडला वगैरे जंगलांत 'निसर्गानुभव' ठेवतो. शुल्क भरायचं आणि रात्रभर मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजायचे. ही माहिती मी सोसायटीच्या सभेत दिली तेव्हा प्रथमच शांतता पसरली. काम आपणच करायचं, जागरण आपणच करायचं आणि पैसेही आपणच द्यायचे! "आणि सही कुठे करायची असते?" खजिनदारांनी खालच्या आवाजात विचारलं. मेंटेनन्सच्या वसुलीसाठी काही जमतं का, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

सार्वजनिक स्वयंसेवेचा अनुभव आमच्या शेजारच्या मुलाला आहे. 2023 च्या जानेवारीत नागपूर विद्यापीठाच्या आवारात 108वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली, तेव्हा तो बिल्ला लावून हिंडला होता. देशभरातले शास्त्रज्ञ येणार म्हणून त्यानं आदल्या रात्री आपल्या विषयाची उजळणी केली. कोणी काही विचारलंच तर आब राहायला हवी. पाहुणे त्याच्याकडे अदबीनं यायचे, बिल्ल्यावरचं नाव वाचायचे आणि विचारायचे, "बेटा, जेवण कोणत्या बाजूला आहे?" तो म्हणतो, पाचही दिवस मी एकच प्रश्न सोडवला, पण त्यात पक्का झालो.

अखेर एका प्रयोगशाळेचं संमतीपत्र आलं. मी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. पहिल्या दिवशी भाची पांढरा कोट इस्त्री करून गेली. मामीनं दही हातावर ठेवलं. संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या.

"काय शिकलीस?"

"भांडी घासायला."

बीकर, पेट्रीडिश, चंबू, पिपेट. आधी साबणाचं पाणी, मग नळाच्या पाण्यानं खळखळून, मग ऊर्ध्वपातित पाण्यानं आणि मग ओव्हनमध्ये कोरडी. तिथल्या मॅडमनी सांगितलं, ज्याला काच स्वच्छ ठेवता येत नाही त्याच्या कुठल्याच निष्कर्षावर विश्वास ठेवू नये. भाचीला ते पटलं. इतकं पटलं, की घरातलं वातावरण बिघडलं. ती माझा पाण्याचा पेला उजेडात धरून म्हणायची, "थेंब भिंतीला चिकटलेत मामा. स्वच्छ काचेवर पाण्याचा पातळ थर सलग पसरतो." चहाच्या कपाला नीट विसळल्याचा दाखला असल्याशिवाय ती तोंड लावेना. भांडेवाल्या बाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी घासणी तिच्या हातात देत म्हणाल्या, "मंग तूच घास ना बाई. मले बी दाखव."

आणि भाचीनं खरंच दाखवलं. सिंकपाशी उभी राहून, प्रत्येक टप्प्याचं कारण सांगत. बाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. मामी हा सोहळा बघत होती. म्हणाली, "हिला याचे चार क्रेडिट मिळणार. मी जन्मभर घासतेय, मला तर पीएच.डी.च द्यायला पाहिजे विद्यापीठानं." मी म्हणालो, "त्याला शिफारसपत्र लागतं." ती म्हणाली, "मग लिहा." मी पेपर वाचायला घेतला.

यथावकाश भाचीला बीकरवरून बियांवर बढती मिळाली. ओल्या टीपकागदावर बिया मांडायच्या, किती रुजल्या ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. 'अंदाजे' हा शब्द तिथे चालत नाही, असं तिनं मला दोनदा सांगितलं. पुढे तिनं आमच्या बाल्कनीतही बिया मांडल्या. डब्यांना नंबर लावले. या वेळी नंबरावरून सोसायटीत काही झालं नाही, कारण बाल्कनी तोडायला महापालिका येणार असं कोणाला वाटलं नाही. निदान अजून तरी.

मग एका रविवारी तिसऱ्या मजल्यावरचा नववीतला मुलगा दारात येऊन उभा राहिला. शाळेनं सुट्टीत काही तरी 'उपक्रम' करायला सांगितलं होतं.

"ताई, मला तुमच्या हाताखाली काही करता येईल का?"

ज्या मुलीनं चपला झिजवून या शहरात दारं ठोठावली, ती आता त्या मुलाला छातीशी धरेल, असं मला वाटलं. भाचीनं चष्मा सरळ केला.

"अनुभव आहे?"

"नाही."

"वर्गशिक्षकांचं पत्र आणलंस?"

"ते म्हणाले, तुमचं आधी आणा."

भाची विचार करू लागली. सिंकमध्ये दुपारची भांडी पडली होती आणि बाई त्या दिवशी सुट्टीवर होत्या. मामीनं माझ्याकडे बघितलं, मी भाचीकडे बघितलं आणि भाचीनं मुलाकडे. त्या एका क्षणात घरातल्या तिघांच्याही मनात एनएसएसचं ब्रीद आलं असणार.

मुलानं पेले फार सुरेख घासले. साबणाचं पाणी, नळाचं पाणी, आणि ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी फिल्टरचं. थेंब एकाही पेल्याला चिकटला नाही. भाचीनं त्याला थर सलग का पसरतो ते समजावून सांगितलं आणि त्यानं ते वहीत लिहून घेतलं. तो घरी गेल्यावर पाचच मिनिटांत त्याच्या आईचा फोन आला. मला वाटलं, आता आपली धडगत नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "भांडी घासली त्याचं काही नाही हो. पण सर्टिफिकेटवर विज्ञानच लिहाल ना?"